साहेबाचे ओटे आणि एक पोस्टकार्ड

काही वर्षांपूर्वी एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेला पाहुणा म्हणून गेलो होतो. कवीला पाहुणा म्हणून बोलावणं स्वस्त पडतं. नारळ, शाल आणि एस.टी.चं भाडं एवढ्यात भागतं. विषय होता ‘माझा जिल्हा’. आठवीतली एक मुलगी उठली आणि विजयदुर्ग किल्ल्याविषयी बोलू लागली. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. तिने तिहेरी तटबंदी सांगितली, मराठ्यांचं आरमार सांगितलं आणि शेवटी हात उंचावून म्हणाली, “१८ ऑगस्ट १८६८ रोजी याच किल्ल्यावरून लॉकियर साहेबाने ग्रहण पाहिलं आणि जगाला हेलियम मिळाला. सूर्याचं नाव लावणाऱ्या या वायूचं बारसं आमच्या कोकणात झालं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळीसाठी हात उचलले, पण ते तसेच राहिले. कारण ते बारशाचं वाक्य माझं होतं. १९९९ साली मीच ते एका साप्ताहिकात लिहिलं होतं. आणि ते चूक आहे, हे त्या साऱ्या सभागृहात बहुधा मला एकट्यालाच ठाऊक होतं.

आज मला बोलायचं आहे ते विज्ञानाच्या बातम्यांवर वाचक जी चर्चा करतात तिच्या इतिहासाविषयी. बातमी छापून आली की आपल्याला वाटतं, काम संपलं. खरं म्हणजे त्यानंतर एक दुसरं काम सुरू होतं. कुणीतरी कुठेतरी ती वाचतो, भुवया आकसतो, कागद ओढतो आणि लिहितो, ‘महाराज, हे असं नाही.’ या लिहिणाऱ्यांचा इतिहास फारसा कुणी लिहीत नाही. मला तो वाचावासा वाटला, त्याला कारण एक पोस्टकार्ड.

११ ऑगस्ट १९९९ ला सूर्यग्रहण होतं. गुजरातेतून ते खग्रास दिसणार होतं. आपल्याकडे ऐन पावसाळा, पण वर्तमानपत्रं ग्रहणाने भरून गेली होती. मीही हात धुऊन घेतले. मी काही विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे, बी.ए. झालो तो मराठी घेऊन. पण विजयदुर्गाच्या किल्ल्यावर जे जुने ओटे आहेत, ज्यांना कुणी साहेबाचे ओटे म्हणतात, कुणी साहेबाचे कट्टे, ते मी लहानपणापासून पाहिलेले. त्यांची जी हकीकत कानावर होती ती मी सजवून लिहिली. लेख छापून आला, मित्रांनी पाठ थोपटली.

आठवड्याने एक पोस्टकार्ड आलं. अक्षर मास्तरी वळणाचं. मजकूर तीन ओळींचा. लॉकियर १८६८ साली हिंदुस्थानात आलेच नव्हते. ते विजयदुर्गला आले ते १८९८ साली. आपण कोणता आधार पाहिला, तो कृपया कळवावा. खाली सही आणि पूर्ण पत्ता.

खोटं कशाला सांगू, मला राग आला. रागाच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी पटकन वाटतं, की हा प्रश्न मजकुराला आहे की मजकुराखालच्या नावाला? किल्ल्याबद्दल याने का लिहावं, असं तर याला म्हणायचं नाही? मी ते कार्ड उलटसुलट करून चार वेळा वाचलं. त्यात तसं काहीच नव्हतं. ना टोमणा, ना उपदेश. त्या माणसाला फक्त सन चुकल्याचं दुःख झालं होतं. माझ्या नावाकडे त्याने एखाद्या पत्त्याइतकंच पाहिलं होतं. पत्र कुठे पाठवायचं, तेवढ्यापुरतं. हे कळल्यावर राग गेला आणि लाज उरली. मग मी वाचनालय गाठलं.

आधी खरी हकीकत सांगतो. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण आपल्या देशातूनच दिसलं, यात शंका नाही. त्याची सावली पश्चिम किनाऱ्यावरून शिरून पूर्व किनाऱ्यावर बाहेर पडली. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसले होते, मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉगसन होते आणि गुंटूरला फ्रेंच ज्योतिर्विद झांसेन. सूर्यबिंब झाकलं गेलं की त्याच्या कडेने ज्वाळांसारखे उंचवटे दिसतात. त्यांचा प्रकाश वर्णपटदर्शक यंत्रातून पाहिला, तेव्हा तेजस्वी रेषा उमटल्या. त्यांत एक पिवळी होती. मिठातल्या सोडियमचीच ती असावी, असं पुष्कळांना वाटलं. पॉगसन यांनी मात्र ती सोडियमच्या जागेवर नेमकी बसत नसल्याची नोंद केली. झांसेन यांच्या मनात वेगळंच आलं. या रेषा इतक्या ठळक आहेत, तर त्या बघायला ग्रहण तरी कशाला हवं? दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात त्यांनी त्या पुन्हा पाहून दाखवल्या.

आणि आमचे लॉकियर साहेब? ते त्या वेळी इंग्लंडमध्ये युद्धखात्याच्या कचेरीत नोकरी करत होते. कारकुनी सांभाळून आकाश बघणारा माणूस. मागवलेलं यंत्र त्यांच्या हाती पडलं ऑक्टोबरात. २० ऑक्टोबर १८६८ ला त्यांनी ग्रहणाशिवायच सूर्याच्या कडेच्या त्या रेषा पाहिल्या. झांसेन यांचं पत्र आणि लॉकियर यांचं पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीत वाचलं गेलं ते एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक पाडलं. ती पिवळी रेषा सोडियमची नव्हे, ती कुठल्याशा अनोळखी मूलद्रव्याची आहे, हा विचार लॉकियर यांनी नेटाने मांडला. हेलियम हे नाव त्यातून आलं. रसायनशास्त्रज्ञांनी बराच काळ मान हलवली नाही. १८९५ साली विल्यम रॅमसे यांना एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली, तेव्हा वाद मिटला. म्हणजे बारसं आधी झालं आणि बाळ सत्तावीस वर्षांनी हाती आलं. पण दोन्ही गोष्टी विजयदुर्गावर झाल्या नाहीत.

आता योगायोग पाहा. ज्याच्या बाबतीत मी चुकलो, त्याच माणसाने वाचकांनी चुका काढण्यासाठी जगातली एक मोठी जागा करून ठेवली होती. ४ नोव्हेंबर १८६९ रोजी लॉकियर यांनी लंडनमध्ये ‘नेचर’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि पुढे पन्नास वर्षं ते संपादलं. आज ‘नेचर’ म्हटलं की आपल्यासमोर विद्वानांचे जडजंबाल निबंध येतात. सुरुवातीच्या त्या अंकांचा जीव मात्र संपादकाला आलेल्या पत्रांत होता. शास्त्रज्ञ लिहीत, पाद्री लिहीत, शाळामास्तर लिहीत, वसाहतींतले अधिकारी लिहीत.

१८७४ च्या एप्रिलमध्ये चार्ल्स डार्विन यांचं एक पत्र त्यात आलं. एवढा जगप्रसिद्ध माणूस, पण प्रश्न केवढासा. त्यांच्या भागात प्रिमरोज नावाची फिकट पिवळी फुलं येतात. ती कुणीतरी देठाजवळ कुरतडून खाली टाकतं. हे पक्ष्यांचं काम असावं आणि ते मधासाठी असावं, असा त्यांचा तर्क होता. ही सवय सगळीकडच्या पक्ष्यांना आहे की आमच्याच गावच्या? ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी कळवावं. ठिकठिकाणच्या वाचकांनी उत्तरं धाडली आणि पुढच्याच महिन्यात डार्विन यांनी ती जमेस धरून दुसरं पत्र लिहिलं. डार्विन यांना त्या वाचकांकडून मत नको होतं. त्यांना हवे होते त्यांचे डोळे.

याहून मोठी गोष्ट घडली १८८३ साली. २७ ऑगस्टला जावा आणि सुमात्रा यांच्या मधल्या क्रकाटोआ बेटावरचा ज्वालामुखी फुटला. सप्टेंबरात सिलोनात आणि मद्रासकडे लोकांनी हिरवा सूर्य पाहिला. नोव्हेंबरात युरोप-अमेरिकेत सूर्य मावळल्यावर आभाळ असं लालभडक पेटू लागलं, की न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सी गावात आग लागली समजून बंब बाहेर काढले. आज आपण दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो. त्या वेळी मात्र इथली लाली आणि तिकडचा ज्वालामुखी यांचा काही संबंध आहे, हेच सिद्ध व्हायचं होतं. ‘नेचर’मध्ये पत्रांचा पाऊस पडला. कुणी म्हणे ही ज्वालामुखीची धूळ, कुणी म्हणे हवेतली वाफ, कुणी म्हणे उल्कांचा चुरा. आणि कुणी म्हणे, यात विशेष काय, असे सूर्यास्त आम्ही पूर्वीही पाहिलेत.

या शेवटच्या मंडळींना उत्तर देणारं एक पत्र ३ जानेवारी १८८४ च्या अंकात आहे. ते लिहिलं होतं लँकेशायरमधल्या स्टोनीहर्स्टच्या कॉलेजात ग्रीक-लॅटिन शिकवणाऱ्या एका जेझुइट पाद्र्याने. नाव जेरार्ड मॅनली हॉपकिन्स. इंग्रजी कवितेच्या विद्यार्थ्यांना हे नाव सांगायला नको. पण त्या वेळी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हॉपकिन्स १८८९ साली वारले आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं ते १९१८ साली. हयातीत ज्याच्या कवितांना जागा मिळाली नाही, त्याची सूर्यास्तावरची पत्रं विज्ञानाच्या साप्ताहिकाने छापली!

मी कवी आहे म्हणून हे पत्र मला फार जवळचं वाटतं. सूर्यास्त हा आमचा धंद्याचा माल. त्यावर कवीने काय केलं असतं? उपमांचा डोंगर रचला असता. हॉपकिन्स उपमा देतात, पण आधी क्रमांक घालून मुद्दे मांडतात. हे सूर्यास्त नेहमीच्या सूर्यास्तांहून वेळेने वेगळे आहेत. आभाळातल्या जागेने वेगळे आहेत. त्यांचा प्रकाश तीव्र आहे, पण त्याला चकाकी नाही. रंगांचा क्रम ठरलेला आहे आणि रंग मात्र शुद्ध नाहीत. असं एकेक कलम. नेहमीचा सूर्यास्त ज्याने रोज बारकाईने पाहिला आहे, त्यालाच आजचा वेगळा का ते सांगता येतं. कवीच्या नजरेचा असाही उपयोग असतो, हे मला एम.ए. झालेल्या कुठल्या मित्राने कधी सांगितलं नव्हतं.

पुढे रॉयल सोसायटीने समिती नेमली, वर्तमानपत्रांतून लोकांना आवाहन केलं, की जे पाहिलंत ते तारीख, वेळ आणि ठिकाण घालून कळवा. १८८८ साली सुमारे पाचशे पानांचा अहवाल निघाला. कुठे कोणत्या तारखेला लाली दिसली याच्या नोंदी जुळवल्यावर कळलं, की धुळीचा तो पट्टा विषुववृत्ताच्या वरून पश्चिमेकडे सरकत साधारण दोन आठवड्यांत पृथ्वीला फेरी घालून आला होता. इतक्या उंचावर असा वारा वाहतो, हे त्यापूर्वी कुणाला माहीत नव्हतं. विमान नव्हतं, उपग्रह नव्हता. जहाजांचे कप्तान, मास्तर, पाद्री, कारकून यांनी आपापल्या अंगणातून जे पाहून कळवलं, त्यातून तो वारा सापडला.

‘नेचर’ म्हणजे तरी शिकल्यासवरल्यांचं पत्र. त्याच काळात लंडनहून आणखी एक साप्ताहिक निघत असे, ‘इंग्लिश मेकॅनिक’. १८६५ साली एक पेनी किमतीत ते सुरू झालं आणि १९२६ पर्यंत चाललं. ते वाचणारे लोक म्हणजे लेथवर काम करणारे, घड्याळं दुरुस्त करणारे, घरी पेटीचे सूर लावणारे, रात्री जागून दुर्बिणीचा आरसा घासणारे. त्याच्या पानांवर वाचकांची पत्रं, वाचकांचे प्रश्न आणि वाचकांचीच उत्तरं यांची गर्दी असे. प्रत्येक पत्राला क्रमांक. उत्तर द्यायचं तर त्या क्रमांकाला द्यायचं. खाली बहुतेकदा टोपणनाव. त्यामुळे समोरचा जमीनदार आहे की जोडारी, हे कळायला मार्ग नसे. तुझ्या आरशाचा वक्र बरोबर आला का, एवढंच महत्त्वाचं. ‘एफ.आर.ए.एस.’ एवढ्याच अक्षरांनी वर्षानुवर्षं लिहिणारे एक गृहस्थ होते. ते ससेक्समधले निवृत्त कॅप्टन विल्यम नोबल.

आता कुणाला वाटेल, की तिथे सगळं सामोपचाराने चालत असेल. तसं नव्हतं. भांडणं होत, टोमणे मारले जात, एकच वाद महिनोन्‌महिने दळला जाई. शिवाय सगळ्यांना सगळीकडे दार उघडं होतं असंही नाही. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत बायकांना सभासद होता येत नसे आणि वर्गणी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. १८९० च्या जुलैमध्ये डब्लिनच्या विल्यम मंक यांनी ‘इंग्लिश मेकॅनिक’ला पत्र लिहिलं. ज्यांना ती वर्गणी परवडत नाही, ज्यांना तिथले निबंध जड जातात आणि बाई असल्यामुळे ज्यांना आत घेतलंच जात नाही, अशांसाठी हौशी लोकांची एक संस्था का काढू नये? त्या पत्रावर पत्रं आली आणि तीनच महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १८९० ला, ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची स्थापना झाली. पहिले अध्यक्ष तेच, टोपणनावाचे कॅप्टन नोबल. सूर्याच्या निरीक्षणाचा विभाग सोपवला तो एलिझाबेथ ब्राऊन या बाईंकडे. वाचकांच्या पत्रांच्या पानावर एक संस्था जन्माला आली आणि ती आजही चालू आहे.

श्रोतेहो, इथपर्यंतची कथा लंडनची. आता ती आपल्या दारात येते. २२ जानेवारी १८९८ ला पुन्हा खग्रास सूर्यग्रहण आलं. या वेळी सावली कोकण किनाऱ्यावर शिरून सोलापूर, वऱ्हाड असं करत ईशान्येला बक्सरकडे गेली. मुंबई-पुण्याला प्लेगने घेरलेलं. माणसं घरं सोडून माळावर झोपड्यांत राहत होती. त्या दिवसांत दुर्बिणींच्या पेट्या बोटीतून उतरल्या.

‘नेचर’चे संपादक नॉर्मन लॉकियर, आता सर नॉर्मन, विजयदुर्गला आले. मदतीला ‘मेल्पोमीन’ ही आरमारी बोट होती. बोटीवरच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना त्यांनी हाताशी धरलं. यंत्रं पक्की बसावीत म्हणून किल्ल्यात चौथरे बांधले, रंगीत तालमी घेतल्या. कुणी सेकंद मोजायचे, कुणी काचेची पट्टी बदलायची, कुणी सूर्याभोवतीचं प्रभामंडळ डोळ्यांनी बघून चित्र काढायचं. हे सारं दोन मिनिटांच्या आसपास टिकणाऱ्या अंधारासाठी. आपले साहेबाचे ओटे ते हे. १८९८ चे.

‘इंग्लिश मेकॅनिक’च्या पत्रातून निघालेल्या त्या असोसिएशनची एक तुकडी वऱ्हाडातल्या तळणीला उतरली. त्यात ॲनी माँडर या होत्या, पती वॉल्टर यांच्यासोबत. त्या ग्रिनिच वेधशाळेत आकडेमोडीचं काम करत होत्या. लग्न केल्यावर रिवाजाप्रमाणे त्यांना ती नोकरी सोडावी लागली. तळणीच्या माळावर स्वतःच्या छोट्याशा कॅमेऱ्याने त्यांनी प्रभामंडळाचा एक लांबच लांब झोत टिपला. मोठमोठ्या यंत्रांना जे साधलं नाही ते त्या कॅमेऱ्याला साधलं. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं ते १९१६ साली.

सोलापूर जिल्ह्यात जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल होते. आणि तिथेच पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपल्या यंत्रांसह उभे होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते प्रमुख. त्या दिवशीच्या हकीकतींत साहेबांची नावं ढिगाने मिळतात, आपल्या माणसांची फार थोडी. त्या थोड्यांत हे एक पारशी नाव ठळक आहे. ते आपल्याला पाठ असायला हवं होतं. पण आपण काय पाठ केलं? जे लॉकियर यांनी इथे केलंच नाही ते. माझ्यासारख्यांच्या कृपेने.

चूक कशी झाली असेल, हे आता सरळ दिसतं. लॉकियर खरे, हेलियम खरा, १८६८ चं ग्रहण खरं, विजयदुर्गचे ओटेही खरे. चार खऱ्या गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या आणि गाठ चुकली. खोट्याहून हे वाईट. कारण ज्यातला प्रत्येक मणी खरा आहे अशा माळेवर संशय घ्यायचा तरी कुणी?

अशा संशयाची परंपरा आपल्याकडे नव्हती असं मात्र नाही. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्र्यांनी पंचांग सुधारायला घेतलं. छापील पंचांगातलं गणित आणि प्रत्यक्ष आकाश जुळत नाही, तेव्हा गणित आकाशाशी जुळवून घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यावर मराठीत पुढे कित्येक वर्षं वाद झडले. लोकमान्य टिळकांनी त्यात लेखणी चालवली आणि १९०४ साली मुंबईला पंचांगाची परिषदही भरली. संक्रांत कोणत्या दिवशी, हा तर घराघराचा प्रश्न. त्यामुळे गणित न समजणारे लोकही ते वाद चवीने वाचत.

आमच्या घरात तर ही चर्चा दर वर्षी होई. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आम्ही पोरं खाडीच्या काठावर जाऊन पश्चिमेकडे डोळे लावायचो. आम्हाला ईद हवी असायची. एकदा मी ओरडलो, “दिसला!” म्हाताऱ्या मंडळींपैकी एकाने मला जवळ घेऊन शांतपणे विचारलं, “कुठे दिसला बाळा? चंद्राची टोकं कोणत्या बाजूला होती?” मी गप्प. ढगाची एक पांढरी किनार होती ती. कुणी मला मारलं नाही, कुणी खोटारडा म्हटलं नाही. पण माझी साक्ष धरली गेली नाही आणि ईद एक दिवस पुढे गेली. क्रकाटोआच्या अहवालातला प्रश्न आणि त्या म्हाताऱ्याचा प्रश्न यांत मला फरक वाटत नाही. कुठे, केव्हा, कोणी पाहिलं?

आता पोस्टकार्ड कुणी लिहीत नाही. विज्ञानाची बातमी मोबाइलवर येते आणि तिच्यावरची चर्चाही तिथेच होते. दर ऑगस्टात विजयदुर्गला हेलियम दिन साजरा झाल्याच्या बातम्या वाचतो. किल्ल्याकडे लोकांचं लक्ष जातं, मुलांना सूर्याविषयी काही कळतं, हे चांगलंच आहे. पण त्यासोबत तो जुना मजकूरही फिरत राहतो, कधी माझ्या बारशाच्या वाक्यासकट. एकदा मी एका गटात दुरुस्ती लिहिली. पाच मिनिटांत तिघांनी मला कोकणचा अभिमान नाही असं सुनावलं. त्यांतल्या एकाने माझ्या नावावरून काय ते सुचवलंही. १९९९ साली जे नुसतं मनात आलं होतं ते या वेळी समोर आलं. पण त्याच गटात एका अनोळखी मुलाने विचारलं, “काका, १८९८ चा आधार कुठे वाचायला मिळेल?” मी त्याला पुस्तकांची नावं धाडली. बाकीच्यांना उत्तर दिलं नाही. चर्चेत शंभर जण असले तरी असा एखादाच पुरतो.

ते पोस्टकार्ड माझ्याकडे अजून आहे. त्याला मी उत्तर लिहिलं नाही. आधी रागाने, मग लाजेने, मग आज-उद्या करत. ते साप्ताहिकही पुढे बंद पडलं. त्यात वाचकांच्या पत्रांना जागा नसे आणि मीही दुरुस्ती पाठवली नाही. माझ्या चुकीला पाय फुटले, ती शाळेत पोहोचली. दुरुस्ती मात्र माझ्या टेबलाच्या खणात पडून राहिली.

त्या स्पर्धेच्या दिवशी माझ्या भाषणाची वेळ आली, तेव्हा मी हे सगळं मुलांना सांगितलं. चूक त्या मुलीची नाही, माझी आहे, हेही सांगितलं. मुख्याध्यापक जरा अस्वस्थ झाले. कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी जवळ आली. मला वाटलं, रडेल. तिने विचारलं, “सर, तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही ते छापलं का नाही?”

मी म्हटलं, राहून गेलं.

आज ते करतो. १९९९ च्या माझ्या लेखात १८६८ साली लॉकियर विजयदुर्गला होते आणि हेलियमचा शोध तिथे लागला, असं म्हटलं होतं. ते चूक आहे. १८६८ साली ते इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गला ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी आले आणि ओटे त्या वेळचे आहेत. ही चूक एका वाचकाने तीन ओळींत दाखवून दिली होती. त्यांना उत्तर द्यायला फार उशीर झाला, त्याबद्दल त्यांची क्षमा मागतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)